कच्चे मडके कोणी ठरवायचे?

तेरला कुंभार गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आहेत. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव. मुक्ताबाईची नजर बाजूला पडलेल्या थापटण्यावर जाते. काका, हे कशाला? मडके पक्के की कच्चे ते बघायला, असे काका सांगतात. मग आमचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असा तिचा आग्रह. गोरोबा उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत पुढे सरकतात. सगळे मुकाट्याने सोसतात. नामदेव तेवढे बिथरतात, आणि निकाल लागतो: हे एक मडके कच्चे.

कीर्तनात ही गोष्ट रंगते ती नामदेवांच्या फजितीमुळे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’तही ती आहे. म्हणजे संतांच्या काळानंतर चार शतके उलटल्यावरही ती जिवंत होती. ती तशीच्या तशी घडली का, याचा वाद घालता येईल. पण तिने उभा केलेला प्रश्न त्यावर अवलंबून नाही. माणसाचे आतले पक्केपण बाहेरून वाजवून कळते का?

मडक्याचे कळते, यात शंका नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलेली बाई किंमत विचारण्याआधी तो एका हातावर तोलून धरते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवते. नीट भाजलेला माठ खणखणतो, कारण एकसंध भिंतीत कंप बराच वेळ टिकतो. बारीक तडा असला तर त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंप तिथेच जिरतो आणि आवाज बद्द येतो. तडा डोळ्यांना दिसायची गरजच नाही.

जुन्या इमारतीच्या तपासणीतही हीच रीत आहे. पाणी मुरून स्लॅबमधल्या सळया गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचे काँक्रीट आतून ढकलून सुटे करतो. वरून रंग शाबूत, पण हातोडी मारली की तेवढाच भाग पोकळ वाजतो, कारण सुटा झालेला पातळ थर ढोलाच्या कातड्यासारखा हलतो. ब्रिटनमधल्या पीटर कॉली आणि आर. डी. ॲडम्स यांनी १९८८ साली नाण्याने टकटक करण्याच्या तपासणीचे गणित मांडले. दोष असलेल्या जागी पृष्ठभाग मऊ लागतो, आघात जास्त वेळ रेंगाळतो, त्यामुळे त्यातले उंच स्वर गळतात. कानाला जे ‘बद्द’ वाटते ते मोजता येते.

मात्र तपासणाऱ्याला या पद्धतीची कुंपणेही ठाऊक असतात. आवाज एकटा काही सांगत नाही. शेजारची धड जागा वाजवून दोन्हींची तुलना करावी लागते. आणि टकटकीला पृष्ठभागाजवळची पोकळीच सापडते. खोलवरची पोकळी वरच्या जाड थराखाली लपते, आणि हातोडीला तिथे भरीव आवाज मिळू शकतो.

ही दोन कुंपणे गोरोबांच्या अंगणात नेऊन पाहिली तर गोष्ट अवघड होते. तिथे तपासला गेला तो आवाज डोक्याचा नव्हे, तक्रारीचा. जो बोलला तो कच्चा, जे गप्प राहिले ते पक्के. न्यायशास्त्राचा अभ्यासक इथे लगेच बोट ठेवील. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान चालते, कारण अग्नीवाचून धूर कुठे आढळत नाही. पण मौन तसे नाही. ते अहंकार गळाल्यामुळे येते, तसेच वडीलधाऱ्यांच्या भिडेने येते, भीतीने येते, चारचौघांत शोभा नको म्हणूनही येते. साध्य असले तरी आढळणारा आणि नसले तरी आढळणारा असा हेतू न्यायात सव्यभिचार ठरतो; त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. मडक्याला आपण तपासले जात आहोत हे माहीत नसते. माणसाला ते माहीत असते, आणि तिथेच अनुमानाचा पाया हलतो.

खोलीचा प्रश्न तर वारकरी परंपरेनेच दुसऱ्या एका कथेत नोंदवून ठेवला आहे. थापटण्याखाली शांत राहिलेले ज्ञानदेव एकदा लोकांच्या कुत्सित बोलण्याने व्यथित होऊन झोपडीची ताटी लावून बसले, असे सांगतात. त्यांना बाहेर काढले ते मुक्ताबाईने, आणि तिची ती विनवणी ताटीचे अभंग म्हणून आजही गायली जाते. डोक्यावरच्या एका फटक्याने जे हलत नाही ते लोकनिंदेने हलू शकते. म्हणून पहिली परीक्षा खोटी ठरत नाही, पण ती किती खोल पोचली होती हे कळते.

आणखी एक गोष्ट कुंभारकाम पाहिलेल्याला खटकेल. थापटणे हे मुळात भाजलेले मडके पारखायचे अवजारच नव्हे. चाकावरून उतरलेले, अजून ओलसर असलेले मडके घडवायला ते वापरतात. आतून गोल दगडाचा किंवा हाताचा टेकू असतो आणि बाहेरून थापटण्याचे ठोके पडतात. टेकू नसेल तर ओली भिंत आत बसते. गोरोबांनी परीक्षेसाठी घडवायचे अवजार उचलले, असे म्हटले की निकालाचा अर्थ बदलतो. तडा गेलेला माठ पुन्हा एकसंध होत नाही. कच्चा असलेला मात्र भाजायला आव्यात जाऊ शकतो. गोरोबांनी नामदेवांना फुटके म्हटले नव्हते.

नामदेवांना आतला टेकू मिळाला तो गुरू विसोबा खेचरांकडे, औंढा नागनाथला. शिवपिंडीवर पाय ठेवून पडलेला म्हातारा म्हणतो, जिथे पिंड नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय हलवतात तिथे पिंड उभी राहते. या वेळी फटका नाही, चारचौघे नाहीत, निकालही नाही. नामदेवांना स्वतःच्या हातांनी शोधून पाहायचे आहे.

त्यांच्या नावावरची ६१ पदे पुढे गुरू ग्रंथ साहिबात गेली. पंजाबातल्या घुमानला त्यांचे स्थान आहे आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले. एवढ्या मोठ्या संताची फजिती वारकरी कीर्तनकार आजही त्यांच्याच भक्तांसमोर हसत हसत सांगतात, आणि श्रोत्यांतले कोणी त्यावर रागावत नाही.