चित्रातले फूल आणि दारातली भूक

जळगावला किंवा धुळ्याला फुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, म्हणजे दालनात दोन प्रकारचे प्रेक्षक दिसतात. पहिला चित्रापुढे थांबतो, मान डोलावतो आणि ‘किती हुबेहूब!’ असे उद्गारतो. दुसरा चित्राखालची किंमत वाचतो आणि काहीच बोलत नाही. त्याच्या त्या गप्प राहण्यात एक प्रश्न असतो. ज्या मुलखात पाऊस पंधरा दिवस लांबला की घराचा वर्षाचा हिशोब कोलमडतो, तेथे कागदावरच्या कमळासाठी एवढे पैसे मोजावेत काय? आज रंगांनी, लाकडाच्या ठशांनी वा धातूच्या पत्र्यांवर कोरून फुले चितारणारे अनेक कलावंत आहेत. त्यांच्या कौशल्याविषयी आम्हांस आदर आहे. तथापि त्या दालनात उमटलेला सर्वांत प्रामाणिक प्रश्न त्या दुसऱ्या प्रेक्षकाचा आहे, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न नवा नव्हे. बेथानीच्या घरी मरियेने प्रभूच्या चरणांना जटामांसीचे मौल्यवान तेल लावले, तेव्हा तो प्रथम विचारला गेला. हे तेल तीनशे दिनारांना विकून ते पैसे गोरगरिबांस का दिले नाहीत, असे यहूदाने म्हटले. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. म्हणजे प्रश्न जवळजवळ वर्षभराच्या मजुरीचा होता. यहूदाला गरिबांची कळकळ नव्हती, तो थैलीतले पैसे चोरीत असे, असे योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. एवढ्यावर आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु चोराच्या तोंडचा युक्तिवाद सज्जनाच्या तोंडी आला तर त्याचे काय करावयाचे? आपल्या धर्मग्रामातील एखादी विधवा, मुलीची शाळेची फी कशी भरावी या विवंचनेत असता, हाच प्रश्न विचारू शकते. तिला यहूदा म्हणून कसे चालेल?

खानदेशात फूल म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्याकडे कपाशीला प्रथम पाते लागते, मग फूल, मग बोंड. सकाळी उमललेले फिकट पिवळसर फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि लवकरच गळून जाते. शेतकरी ते पाहतो, पण मोजून पाहतो. पातेगळ झाली तर त्याच्या पोटात गोळा येतो, बोंडअळी पडली तर झोप उडते. त्याच्या लेखी फूल म्हणजे कर्जाच्या हिशोबातील एक पायरी होय. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळून पडतात आणि आदिवासी भगिनी टोपल्या घेऊन ती वेचतात, वाळवतात, साठवतात. त्यांच्या घरी फूल हे अन्न आहे. ज्यांना फूल खावे लागते त्यांच्यापुढे फुलाच्या सौंदर्यावर व्याख्यान देणे शोभत नाही.

आणि तरीही याच मातीने फुलांचे कवी दिले. धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 1907 साली जळगावच्या कविसंमेलनाने ‘बालकवी’ ही पदवी दिली. ज्यांच्या घरी त्यांना मायेचा आसरा मिळाला, त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना महाराष्ट्र ‘फुलामुलांचा कवी’ म्हणून ओळखतो. 1918 साली भादली स्थानकानजीक रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे 27 होते. दोघांच्याही घरी संपत्ती नव्हती.

आपल्या शेजारच्या अजिंठ्याकडे पाहिले तर हा पेच अधिकच गहिरा होतो. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांतील छतांवर, सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी, कमळे, कळ्या, वेली आणि फळे रंगविली गेली. त्या विहारांत राहणारे भिक्षू घरदार सोडलेले, भिक्षेवर जगणारे. ज्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते, त्यांच्या डोक्यावर, अंधुक उजेडात, ही फुले फुलली. पुढे 1844 साली मेजर रॉबर्ट गिल यांच्यावर त्या चित्रांच्या नकला करण्याची कामगिरी सोपविण्यात आली. अनेक वर्षे खपून केलेल्या त्यांच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल 1879 साली वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तेच काम पुन्हा करू लागले. 1885 साली त्यांच्याही अनेक नकला लंडनमध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तरीही 1896-97 मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि त्यातील दुसरा खंड मुख्यत्वे छतांवरील फुलापानांच्या नक्षीला वाहिलेला आहे. दोन वेळा आग लागूनही माणसे त्या फुलांकडे परत गेली. याला निव्वळ चैन म्हणता येईल काय? चैन करणारा माणूस पहिल्या तोट्यातच पाठ फिरवतो.

तथापि कष्ट पडले म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरत नाही. दुसऱ्या प्रेक्षकाचा प्रश्न अजून उभाच आहे. त्याच्या उत्तरासाठी आम्ही वाचकांस मिलान शहरी नेऊ इच्छितो.

तेथील आर्चबिशप कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ हे संत चार्ल्स बोर्रोमेओ यांचे चुलतभाऊ. त्यांना फुलांची चित्रे मनापासून आवडत. यान ब्रूगेल या चित्रकाराने 1606 साली त्यांच्यासाठी फुलांनी भरलेले एक पात्र रंगविले. अँटवर्पला न मिळणारी फुले प्रत्यक्ष पाहून काढावीत म्हणून तो ब्रुसेल्सला गेला होता. पात्राच्या पायथ्याशी त्याने एक रत्न, काही नाणी आणि शिंपले काढले आहेत. बाहेर सारे बर्फाने गोठलेले असता खोलीतील ही रंगीत फुले पाहून मन सुखावते, अशा आशयाचे कार्डिनलांनी लिहून ठेवले आहे. आता दुसरी बाजू पाहू. 1628 साली मिलानला दुष्काळ पडला. तेव्हा याच माणसाने आपल्या वाड्यातून रोज भुकेल्यांना अन्न वाटले आणि रस्त्यांवर पडलेल्यांना शोधून खाऊ घालण्यासाठी धर्मगुरूंना शहरभर पाठविले. 1630 साली प्लेग आला तेव्हाही ते शहर सोडून गेले नाहीत. मान्झोनी या इटालियन कादंबरीकाराने हे सारे चितारले आहे. आणि ती फुलांची चित्रे? ती त्यांनी 1618 सालीच आम्ब्रोसियाना या संस्थेला देऊन टाकली होती, विद्यार्थ्यांनी पाहून शिकावे म्हणून.

फुलांच्या चित्रांमुळे त्यांच्या ठायी करुणा उपजली, असे आम्ही म्हणत नाही. सुंदर चित्रे जमविणारे निष्ठुर धनिकही इतिहासात पुष्कळ झाले. आमचे म्हणणे एवढेच, की त्यांच्या जीवनात फूल आणि भाकरी एकमेकांच्या वाटेत आली नाहीत. एक आवडे म्हणून दुसरीचा हात त्यांनी आखडला नाही.

येथे बेथानीची ती गोष्ट पुन्हा वाचावी. त्या बाईने ओतलेले तेल कोणाच्या पदरचे होते? तिच्या स्वतःच्या. हिशोब मांडणारा मात्र दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब मांडत होता. आम्हांस वाटते, कसोटी येथेच आहे. मजुराची मजुरी थकवून वेदीवर ठेवलेली फुले ही चोरीची फुले होत, मग ती खरी असोत वा चित्रातील. सभागृहात लावावयाच्या चित्राची वर्गणी आणि गरीब मुलाच्या फीची वर्गणी एकाच पेटीतून जाणार असेल, तर फी आधी. याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु देणे देऊन झाल्यावर कोणी आपल्या घासातला घास काढून एक चित्र घेतले, तर त्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आणखी एक गोष्ट आहे. गरिबांच्या वतीने बोलणाऱ्याने गरिबांना विचारलेले नसते. आपल्या कोणत्याही वस्तीत पहाटे जाऊन पाहावे. पत्र्याच्या झोपडीपुढेही सडा घातलेला असतो आणि चिमूटभर पांढऱ्या भुकटीने काढलेले एक कमळ असते. दुपारपर्यंत ते पायांखाली पुसले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती माउली पुन्हा काढते. ते कमळ विकत नाही, शिजत नाही, कोणाचे देणे फेडत नाही. ती भुकटी वाचवून भाकरी झाली असती, असे तिला कोणी सांगून पाहावे! आपण भुकेले आहोत म्हणून आपल्याला सुंदर गोष्टींचा हक्क नाही, असे तिने कधी मानलेले नाही. ते आपण तिच्या वतीने मानून टाकतो. अन्नाची वाण असलेल्या माणसाकडून सौंदर्यही काढून घेणे म्हणजे त्याला दोनदा उपाशी ठेवणे होय.

आपली ख्रिस्तसभा या दोन्ही गोष्टी सांभाळते. उपवासकाळात वेदीवर फुले ठेवीत नाहीत. तेव्हाच्या त्यागातून वाचलेला पैसा गरिबांकडे जावा अशी अपेक्षा असते. पुनरुत्थानाच्या सणाला फुले परत येतात आणि चाळीस दिवस ती नव्हती म्हणून ती अधिक दिसतात. खऱ्या फुलाचा आपण नेहमी काही ना काही उपयोग करतो. ते माळतो, वाहतो, दसऱ्याला झेंडू किलोने विकतो. चित्रातल्या फुलाचे तसे काहीच करता येत नाही. त्याच्याकडे फक्त पाहता येते. उपयोगाची अपेक्षा न ठेवता पाहण्याची ही सवय फार मोलाची आहे, कारण घरातील अंथरुणाला खिळलेली आजी, मतिमंद लेकरू, काम न मिळता नाक्यावरून परतणारा मजूर, यांच्याकडेही तसेच पाहावे लागते. ज्याला फुलात केवळ बोंड दिसते, त्याला उद्या माणसातही केवळ कामाचे हात दिसू लागतात.

म्हणून त्या गप्प राहिलेल्या प्रेक्षकास आमची विनंती आहे, की त्याने आपला प्रश्न सोडू नये आणि दालनही सोडू नये. किंमत वाचून झाल्यावर त्याने चित्रही पाहावे. शक्य झाल्यास पुढच्या खेपेस वस्तीतील चार मुलांना सोबत आणावे. पाहण्याला तिकीट नसते. आणि मान डोलावणाऱ्या पहिल्या प्रेक्षकास एवढेच विचारावे, की बाहेर पायरीवर बसलेली ती म्हातारी आत येताना त्याच्या दृष्टीस पडली होती काय.