आजोबांचे पुण्य

दिवाळीच्या फराळाला बसलो की आमच्या घरी आजोबांचा विषय निघतोच. भोरच्या पेठेतली जुनी माणसे मला आजही ‘त्यांचा नातू’ म्हणूनच ओळखतात.

वेल्ह्याकडचा मुलूख (त्या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) संस्थानच्या काळी प्रचंडगड तालुक्यात मोडे. १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले, तरी तिकडच्या माणसांची भोरला येण्याची सवय मोडली नाही. माझ्या लहानपणीही संध्याकाळची एस.टी. चुकली की त्यांचा मुक्काम आमच्या ओसरीवर. आजोबा आत डोकावून म्हणत, “अगं, दोन पानं वाढव!”

आजी विझत आलेली चूल पुन्हा फुंकी. आंबेमोहराचा वास ओसरीवर येई, पाहुणे आजोबांना दुवा देत. आजी मागाहून सकाळची भाकरी कढईच्या कडेच्या पिठल्याशी खाई.

शाळेत मी मुलांना औदार्याचे धडे देतो. पण दुसऱ्याच्या कष्टांवर केलेले अन्नदान कोणाच्या नावे जमा धरावे? आजोबा ढोंगी नव्हते, उपाशी माणूस पाहून त्यांचा जीव खरोखर तुटे. चुलीपुढचे तेवढे त्यांना दिसले नाही. काळच तसा होता, असे सगळे म्हणतात. मला ते उत्तर फार सोयीचे वाटते.

एकदा तांदूळ निवडताना मी आजीलाच विचारले.

“ते बोलवायचे, म्हणून तर माणसं यायची,” ती म्हणाली. “पण एकानं तरी आत येऊन विचारायचं, बाई, तुम्ही जेवलात का?”

ओसरीवरच्या त्या पंगतीत मीही असे.