शेवटचा अटेम्प्ट कोणता?

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री उशिरापर्यंत खुर्च्या भरलेल्या असतात. लातूर, बीड, जळगावहून आलेली मुलंमुली कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात आणि राज्यसेवा, कम्बाइन, तलाठी, निघेल त्या जागेचा फॉर्म भरतात. त्यांच्या जिद्दीवर पुष्कळ लिहिलं जातं. तिथून बाहेर पडण्यावर फारसं कुणी लिहीत नाही. राज्यसेवेला अर्ज लाखांनी येतात आणि जागा बहुधा शेकड्यांत असतात, म्हणजे बहुतेकांना बाहेरच पडायचं असतं.

केंद्रीय लोकसेवा आयोग खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला सहा अटेम्प्ट देतो आणि वयाची मर्यादा ३२ ठेवतो. आपल्याकडे २०१६ मध्ये राज्यसेवेची मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांसाठी ४३. अटेम्प्टवर मर्यादा घालण्याचा निर्णय २०२० च्या अखेरीस जाहीर झाला आणि पुढे मागे घेतला गेला. घरची जबाबदारी उचलून उशिरा अभ्यासाला लागलेल्यांना ही सवलत हवीच होती, आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण तिच्यामुळे 'आता थांब' हे फार उशिरापर्यंत कुणी सांगत नाही. ते उमेदवाराने स्वतःला सांगायचं, आणि कोणताही क्लास ते शिकवत नाही.

निकालानंतरच्या आठवड्यात तर हे ठरवूच नये. दोन गुणांनी कट ऑफ हुकलेला मुलगा म्हणतो, 'आता एवढंच राहिलं.' खरं तर कट ऑफच्या आसपास पुष्कळ गर्दी असते. त्या दोन गुणांत कितीतरी माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला तसंच वाटत असतं. शिवाय जागा किती निघणार, परीक्षा कधी होणार, हे त्याच्या हातात नाही. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा बदल २०२५ पर्यंत लांबवावा म्हणून २०२३ मध्ये पुण्यात मुलांना रस्त्यावर बसावं लागलं होतं, आणि तेव्हा तो लांबला.

म्हणून 'अधिकारी होईन' हे स्वप्न म्हणून जपावं, पण वर्षाचं उद्दिष्ट हाताच्या टप्प्यातलं असावं. दोन अटेम्प्टमध्ये पूर्व परीक्षा निघाली नाही तर काय, मुख्य परीक्षेपर्यंत पोचून अडकलो तर काय, हे पहिला फॉर्म भरण्याआधी लिहून काढावं. मधल्या काळात खालच्या पदाची नोकरी मिळाली तर ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. कर सहायक म्हणून रुजू होऊन पुढची परीक्षा देता येते. पगार सुरू झाला की अभ्यासाचे तास घटतात हे खरं, पण मनावरचं ओझं केवढं उतरतं! सिव्हिल इंजिनियर असाल तर साइटवरच्या कामाशी थोडा तरी संबंध ठेवावा. पाच वर्षांनी मुलाखतीत 'मधल्या काळात काय केलंत?' हा प्रश्न येतोच.

आणि घरी विचारावं, अगदी थेट. दरमहा पैसे कुठून येतात, किती दिवस येऊ शकतील, कर्ज काढलंय का, बहिणीचं शिक्षण त्यापायी अडलंय का? वडील बहुधा म्हणतील, 'तू काळजी करू नकोस.' तरीही आकडा विचारावा, आणि तो खोलीचं डिपॉझिट भरण्याआधी विचारावा.