विश्रांतीचा हिशेब

काशीचा राजा घाट अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला आहे. घाटावरून उत्तरेला निघाले की खोरी घाटापलीकडे पांडे घाट लागतो. बबुआ पांडे या पहिलवानाच्या आखाड्यावरून त्याला हे नाव मिळाले. काशीच्या अशा आखाड्यांत काय आणि आपल्या कोल्हापूरच्या तालमीत काय, मोठेपण सांगायचे ते आकड्यांत. गामा पहिलवानाच्या नावावर रोजच्या पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर सांगितले जातात. तो झोपायचा किती, हे मात्र कुणी सांगत नाही.

मला हीच उणीव मोठी वाटते. मेहनत स्नायूला ताण देते. त्याला बळ चढते ते नंतरच्या अन्नात आणि झोपेत. नवख्या पोराने काहीही केले तरी चालते, त्याची ताकद वाढतच राहते. कसलेला मल्ल मात्र शरीराच्या शेवटच्या मर्यादेजवळ असतो. तिथे वाढ गुंजभर होते आणि घसरण लवकर. अमेरिकेत अँड्र्यू फ्राय आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरावलेल्या तरुणांना दोन आठवडे रोज, जास्तीत जास्त पेलेल तेवढ्या वजनाच्या बैठका मारायला लावल्या. बहुतेकांची ताकद घटली. अशा अतिसरावात दंड-मांड्या भरलेल्या दिसतात, पण मज्जासंस्थेकडून स्नायूला मिळणारी चेतना मंदावू शकते, स्नायूतला साखरेचा साठा पुरता भरत नाही, झोप उडते, चिडचिड वाढते. हे नेमके ओळखणारी एकही खात्रीची रक्ततपासणी नाही.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांना एका दमवणाऱ्या कुस्तीनंतर नियमाची अर्ध्या तासाची विश्रांती न मिळताच पुन्हा उतरावे लागले, असे सांगतात. कांस्यपदक मिळवणाऱ्या त्या मल्लावरचा अन्याय अजून सलतो. तरी ती एका दिवसाची दमणूक होती. अतिसरावाची दमणूक झोपून उठल्यावरही जात नाही. ती खोल रुतली तर सावरायला महिने लागतात.

यात सापडतो तो सर्वांत कष्टाळू गडी. आळशाला हा धोका नाही. ताकद उतरली की प्रामाणिक पोर स्वतःलाच दोष देते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी शंभर बैठका मारते. भोवतालचेही शाबासकी देतात. म्हणून थांबवण्याचा अधिकार वस्तादाने स्वतःकडे घ्यायला हवा. रोजच्या जोडीदाराच्या मनगटावरची पकड सुटू लागली, नेहमीचा डाव उशिरा लागू लागला, पोर ताटावरून अर्धपोटी उठू लागले, आणि दोन दिवस सुट्टी देऊनही फरक पडला नाही, तर त्याला मैदानाची तारीख जवळ असली तरी हौदात उतरवू नये. वहीत जोर-बैठकांशेजारी झोपेचे तासही लिहावेत.