दोन वर्षं पुढचा सोबती

दिल्लीतले मराठी अधिकारी एक काम मनापासून करतात. लोकसेवा आयोगाच्या मुलाखती जवळ आल्या, की गावाकडून आलेल्या उमेदवारांच्या ते महाराष्ट्र सदनात अभिरूप मुलाखती घेतात, धीर देतात. २०२५ पैकी २७५ गुण त्या एका दालनात ठरतात, तेव्हा ही मदत मोलाचीच. पण त्याच गाडीतून उतरून जेएनयूत एम.ए.ला किंवा दिल्ली विद्यापीठात बी.ए.ला निघालेल्या मुलीची वाट पाहणारं स्टेशनवर सहसा कुणी नसतं.

तिची अडचण हुशारीची नाही. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर होऊ लागले. आदल्याच वर्षी दिल्लीतल्या काही महाविद्यालयांचा कटऑफ शंभर टक्क्यांना टेकला होता. ते दिवस संपले. आता परीक्षेनंतर महाविद्यालय आणि विषय यांच्या जोड्या पसंतीक्रमाने पोर्टलवर भरायच्या असतात, आणि तो क्रम चुकला तर चांगले गुण असूनही हवी ती जागा हुकते. ज्या घरातली मावशी मिरांडा हाउसमध्ये शिकली, तिथे या गोष्टी जेवताना बोलल्या जातात. बापाने कॉलेजची पायरीच चढलेली नसेल, तिथे कुणी बोलायचं?

प्रवेश मिळाला म्हणजे सुटलं, असंही नाही. अमरावती जिल्ह्यातून निघून जेएनयूत पीएच.डी. केलेले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झालेले सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांचा पुरेसा आधार मिळत नाही, वसतिगृहातही ते ठरावीक मजल्यांवर एकवटले आहेत, असं त्यात नोंदवलं होतं. देशातल्या सर्वांत कठीण परीक्षांपैकी एक पार करून आलेली ही मुलं होती. आत आल्यावर ती एकटी पडली.

म्हणून मला राजू केंद्रे यांचं काम फार महत्त्वाचं वाटतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचा, शेतकऱ्याचा हा मुलगा. पदवी मुक्त विद्यापीठातून, मग टाटा समाजविज्ञान संस्था, नंतर चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडन. २०१७ साली यवतमाळमध्ये त्यांनी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘एकलव्य’ ही संस्था सुरू केली. निवासी कार्यशाळा, अर्ज, एसओपी म्हणजे उद्देशपत्र, मुलाखतीची तयारी असं तिचं काम आहे, आणि शिकवायला येतात ती बहुतेक त्याच वाटेने नुकतीच गेलेली मुलंमुली.

या ‘नुकतीच’मध्येच सगळं आहे, असं मला वाटतं. तीस वर्षांपूर्वी शिकून गेलेला सचिव किंवा संचालक प्रेरणा देऊ शकतो. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की मेसचं बिल कसं निभवायचं, हे त्याच्या कधीच विस्मरणात गेलेलं असतं. दोन वर्षं पुढे असलेल्याला ते आठवतं. कोणते प्राध्यापक भेटायला वेळ देतात, वर्गात इंग्रजीत पहिलं वाक्य बोलताना घसा कसा कोरडा पडतो, जानेवारीच्या थंडीत रजई स्वस्त कुठे मिळते, हे त्याला सांगता येतं. मोठ्यांनी पैसा द्यावा, नोकरीच्या वेळी शब्द टाकावा. रोजची सोबत मात्र या धाकट्यांकडे सोपवावी.

आणि ‘काही लागलं तर फोन कर’ असं म्हणून मोकळं होऊ नये. पहिल्या पिढीचा विद्यार्थी फोन करत नाही. आपली अडचण ही विचारण्याजोगी आहे, हेच त्याला ठाऊक नसतं. शिवाय मोठ्या माणसाला त्रास कसा द्यायचा, हा घरचा संस्कार. फोन सीनियरनेच करायला हवा, तोही ठरवून: पसंतीक्रम भरण्याच्या आठवड्यात, हॉस्टेलची यादी लागते तेव्हा, आणि पहिला टर्म पेपर लाल शेऱ्यांनी भरून परत येतो त्या संध्याकाळी तर नक्कीच. घरी परतीचं तिकीट काढायचा विचार बहुतेक त्याच संध्याकाळी मनात येतो. दिल्लीतल्या मराठी मंडळांनी आणि विद्यापीठांच्या माजी विद्यार्थी कक्षांनी स्नेहमेळाव्याआधी एवढी एक यादी करावी: यंदा कोण आलं, आणि त्याला फोन कोण करणार.