भूक नसलेल्यांचा निग्रह

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मंगल कार्यालयात पंगतीला बसलो होतो. समोरच्या ओळीतल्या तिशीच्या एका मुलीने श्रीखंडाची दुसरी वाढ नाकारली. पानावर आडवा हात धरला, वाढपी पुढे सरकला, एवढंच. पण शेजारच्या काकूंनी तिच्या आईला विचारलं, "इंजेक्शन चालू आहे का गं हिचं?" आणि माझ्या डाव्या हाताला बसलेले एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सत्तरी उलटलेले, पोट सपाट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही चोरवाट झाली. आमच्या वेळी माणसं जिभेला आवर घालायची."

मुलगी काही बोलली नाही. मला मात्र ते वाक्य टोचत राहिलं, आणि त्यातलं अवघड असं की तेव्हा माझंही मत सरांसारखंच होतं.

वजन उतरवणारी ही औषधं काय आहेत ते आता कुणाला समजावून सांगायला नको. वर्तमानपत्रांनी ते काम केलेलं आहे. टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं रूप, वेगोव्ही, त्याच वर्षीच्या जूनमध्ये. आठवड्याला एक सुई. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. शरीरातलं ते संप्रेरक दोनेक मिनिटांत विरतं; औषधातला त्याचा भाऊबंद आठवडाभर टिकतो. त्यामुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि मेंदूची खाण्यासाठीची भुणभुण बंद पडते. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. याआधीच्या कुठल्याही गोळीला हे जमलं नव्हतं.

माझी एक जुनी खोड आहे. खाण्याचा विषय निघाला की मी भूक लागणं आणि खावंसं वाटणं यांची फारकत करतो. पहिलं ही शरीराची गरज. दुसरं सवयीचं, वासाचं, संगतीचं, आग्रहाचं काम. मराठी घरात या दुसऱ्याचीच चलती. एकादशीला आपण दुप्पट खातो आणि त्याला उपवास म्हणतो. पाहुणा पुरे म्हणाला की यजमानाच्या अंगात वारं संचारतं. ग्वाल्हेरात तर इथल्या मातीचीही भर पडली आहे: नया बाजारात बहादुराच्या दुकानासमोरून जाताना भरल्या पोटी लाडूसाठी थांबला नाही असा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. तेव्हा माझा हिशेब सरळ होता. खऱ्या भुकेला अन्न द्यावं. खोट्या भुकेला नाही म्हणायला शिकावं. त्यासाठी सुई कशाला?

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभी केलेली दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात एवढी पसरली, तिच्या मुळाशीही हीच फारकत आहे: कडकडून भूक लागण्याच्या आपल्या दोन वेळा ओळखा, बाकी तोंड बंद. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही दोन-चार वर्षं तिचीच चर्चा होती. काहींची वजनं उतरली. त्यातल्या बऱ्याच जणांची पुन्हा चढली.

खोट्या भुकेचा विषय निघालाच आहे तर जयविलास महालात डोकावल्याशिवाय पुढे जाणं ग्वाल्हेरकराला जमणार नाही. तिथल्या मेजवानीच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी आहे. रुळांवरून फिरत जेवणानंतर ती पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार नेई. डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. म्हणजे भूक तर संपलेली, पण हात पोहोचेल तिथे वस्तू आणून ठेवली की माणूस ती उचलणारच, हे त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं. आता गंमत अशी की ती चांदीची गाडी करवून घेणाऱ्या, गाड्यांचा षौक असलेल्या महाराज माधवराव शिंद्यांच्याच काळात ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत दोन फुटी रुळांची खरी गाडीही धावू लागली. सुमारे २०० किलोमीटर, दिवसभराचा प्रवास. २०२० साली ती बंद पडली. तिच्या शेवटच्या टोकाला सहरिया आदिवासींची वस्ती. २०१६ साली तिथल्या कुपोषित मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या देशभर झाल्या. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने सहरिया बायकांना पोषणासाठी महिना १,००० रुपये सुरू केले. मौंजारोच्या सुरुवातीच्या मात्रेची कुपी बाजारात आली तेव्हा ३,५०० रुपयांची होती, म्हणजे महिन्याचे १४,०००.

हे दोन आकडे शेजारी मांडून टाळ्या मिळवणं फार सोपं आहे, आणि सरांनी त्या मिळवल्याही. "एकीकडे भूक मारायला पैसे, एकीकडे भुकेने मरतात!" पण ग्वाल्हेरच्या मुलीने सुई नाकारली म्हणून श्योपूरच्या पोराच्या थाळीत भाकरी पडत नाही. दोन्ही गोष्टी लाजिरवाण्या असतील तर त्या वेगवेगळ्या कारणांनी आहेत. श्योपूरमधली भूक पहिल्या जातीची, निखळ. तिच्यावर औषध अन्नाचंच. ती मध्ये आणून लठ्ठ माणसाला गप्प करणं हा वाद नव्हे.

सरांच्या भात्यात याहून चांगला बाण होता. "या गोळ्या आम्ही पाहिल्यात," ते म्हणाले. खरंच पाहिल्या आहेत. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेतून गेलं. रिमोनाबंट युरोपात २००६ साली आलं आणि खिन्नता व आत्महत्येचे विचार वाढतात म्हणून २००८ मध्ये थांबलं. वर्षभराने आपल्याकडेही बंदी आली. सिब्युट्रामिन तर इथे सर्रास लिहून दिलं जाई. सुमारे १०,००० लोकांवरच्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात वाढलेले दिसले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. भूक मारणाऱ्या औषधांचा इतिहास म्हणजे मोठ्या जाहिराती आणि पाठोपाठ माफीनामे. यावर मी एवढंच म्हणालो की नव्या औषधांची कुंडली थोडी निराळी आहे. हा वर्ग मधुमेहासाठी २००५ पासून वापरात आहे, आणि २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयरोग असलेल्या लठ्ठ माणसांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मृत्यू पाचव्या हिश्श्याने कमी केले. आधीच्यांपैकी दोघांनी हृदयच बिघडवलं होतं. तरी सरांचा संशय मी पुसून टाकणार नाही. वीस वर्षं सुई घेतलेल्या धडधाकट माणसांचा लोंढा अजून कुणी पाहिलेला नाही.

माझं मत फिरलं ते मात्र या आकड्यांनी नाही. सरांच्याच एका उत्तराने फिरलं. मी सहज विचारलं, "सर, दुसरा लाडू तुम्ही कसा टाळता?" ते म्हणाले, "टाळायचा कसला? इच्छाच होत नाही."

इच्छाच होत नाही! मग निग्रह कुठे आला? ज्याला ओढच नाही त्याने न खाण्यात शौर्य कसलं? सरांचा मेंदू एका लाडवावर आपणहून गप्प होतो. त्या मुलीचा होत नसेल, आता सुईने होतो. दोघांच्या पानावर सारखाच आडवा हात. एकाला आपण संयम म्हणतो, दुसऱ्याला चोरवाट.

इथे माझी लाडकी फारकतही डळमळू लागली. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी लठ्ठ माणसांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांवर ठेवून त्यांची वजनं उतरवली आणि वर्षभराने त्यांची भुकेची संप्रेरकं मोजली. ती मूळ पातळीवर आलेली नव्हती. भूक वाढवणारं संप्रेरक अजून चढलेलं, तृप्तीची अजून उतरलेली, आणि माणसं सांगत होती की आधीपेक्षा जास्त भूक लागते. म्हणजे वजन उतरवलेल्या माणसाला छळते ती खाखा नव्हे. त्याचं शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागतं आणि खरीच भूक लावतं. ज्याला मी खावंसं वाटणं म्हणून हिणवत आलो, ते त्याच्यापुरतं भूक लागणंच आहे. बारीक माणसासाठी केलेली फारकत लठ्ठ माणसाच्या अंगाला बसत नाही, आणि उपदेश मात्र त्यालाच ऐकावा लागतो. हेच कोडं औषध सोडल्यावरही दिसतं. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं घटलेलं वजन वर्षभरात दोन-तृतीयांश परत आलं. सर याला औषधाचं अपयश म्हणतात. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब वाढला तर तिला कुणी अपयशी म्हणत नाही.

आता सरांना त्यांचं माप द्यायला हवं, कारण एका ठिकाणी ते माझ्याहून शहाणे निघाले. त्यांचं तुणतुणं एकच: "दंड बघा, मांड्या बघा." पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजून हेच दाखवलं: वजनाने हलकी, स्नायूंनी किडकिडीत, पण चरबी राखून असलेली. आपली ठेवणच अशी, स्नायू थोडे आणि चरबी पोटाभोवती. ही सुई वजन उतरवते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही नेते. गोऱ्या माणसाच्या शिलकीतून ते गेले तर चालून जाईल. आपल्याकडे मुळात शिल्लकच कमी. भूक मेलेला माणूस दोन घास वरणभात खाऊन उठणार, डाळ-उसळ-अंडं राहून जाणार, आणि सहा महिन्यांनी काटा खूश, जिना चढताना मात्र गुडघे कुरकुरणार. वजनं उचला आणि प्रथिनं खा, हे सरांचं म्हणणं सुई घेणाऱ्यालाच सगळ्यात जास्त लागू आहे. देशातली नावाजलेली शारीरिक शिक्षणाची संस्था, १९५७ पासूनची, याच शहरात आहे. सुई लिहून देणाऱ्या डॉक्टरने सोबत व्यायामशिक्षकाचं नावही लिहून द्यायला ग्वाल्हेरात तरी अडचण पडू नये.

तेव्हा माझं आजचं मत असं. मधुमेह, वाढलेला दाब, यकृतावर चढलेली चरबी, झोपेत अडकणारा श्वास, यांपैकी काही जडलेल्या लठ्ठ माणसाने ही सुई घेतली तर त्याने काहीही चोरलेलं नाही, आणि पंगतीत त्याची चौकशी करण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण पुढच्या वैशाखातल्या लग्नात शालू बसावा म्हणून पाच-सहा किलोंसाठी घेणं मला अजिबात पटत नाही. शालूचा दिवस उलटला की सुई थांबेल आणि चरबी परतेल. गेलेले स्नायू आपोआप परतणार नाहीत. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. देशी कंपन्यांची स्वस्त सुई गल्लीतल्या दुकानात पोचली की हे दुसरं गिऱ्हाईकच जास्त भेटेल, आणि चिठ्ठी न मागणारे दुकानदारही.

त्या मुलीला कुठला आजार आहे, सुई चालू आहे की नुसतंच पोट भरलं होतं, मला माहीत नाही आणि माहीत असण्याचं कारणही नाही. तुम्ही सुई घ्यायच्या विचारात असाल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि पहिली टोचून घेण्याआधी डॉक्टरांना विचारा की ही थांबवायची कधी आणि थांबवल्यावर काय करायचं. याचं उत्तर ज्यांच्याकडे नसेल, त्यांच्याकडून ती घेऊ नका.