नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

सातवीच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू होता. प्राण्यांचे वर्गीकरण शिकवताना मी सहज सांगून गेले, की समुद्राच्या तळाशी असे कितीतरी जीव आहेत ज्यांना अजून नावच नाही. एखादा सापडला की शास्त्रज्ञ त्याचे वर्णन लिहितात, नाव ठेवतात आणि मग तो जगाच्या दप्तरात येतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, नाम नई था तो उसको क्या कमी थी?"

वर्ग हसला. मलाही हसू आले, पण उत्तर आले नाही. तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटले.

आमचा जिल्हा धाराशिव. इथून समुद्र फार लांब. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. मधल्या सुट्टीत हा प्रसंग सांगितला तेव्हा शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, इथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते आणि तुम्ही पोरांना समुद्राचा तळ दाखवताय!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मुलीचा प्रश्न समुद्राचा राहिलाच नव्हता. कुणाचेही वर्णन करण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो, आणि ते करताना आपण त्याचे काय देणे लागतो, असा तो प्रश्न होता. शिक्षकाला तो टाळता येत नाही. आमचा निम्मा जन्म मुलांचे वर्णन लिहिण्यातच जातो.

ज्या जीवावरून हा विषय निघाला त्याला इंग्रजीत 'स्क्वॉट लॉबस्टर' म्हणतात. म्हणजे उकिडवी बसलेली शेवंड. मराठीत किंवा उर्दूत त्याला रुळलेले नाव माझ्या पाहण्यात नाही. गंमत अशी, की हे इंग्रजी नावही फसवे आहे. तो खऱ्या शेवंडीपेक्षा शंखात राहणाऱ्या खेकड्याचा जवळचा नातलग. शेपूट पोटाखाली दुमडलेली, पुढच्या दोन नांग्या अनेकदा अंगापेक्षा लांब. नांग्या धरून पाय दहा. पण शेवटची जोडी इतकी बारीक, की ती कवचाखाली दडून राहते आणि घाईने मोजणाऱ्याला आठच दिसतात. खोल अंधारात राहणाऱ्या काही जातींच्या डोळ्यांत रंगच नसतो. आजवर अशा हजारावर जातींना नावे मिळाली आहेत आणि नव्यांची भर पडतेच आहे. २००५ साली ईस्टर बेटाच्या दक्षिणेला, सुमारे २,२०० मीटर खोलीवर, नांग्यांवर दाट केस असलेला असाच एक जीव सापडला. तो कोणत्याच ज्ञात कुळात बसेना. तेव्हा त्याच्यासाठी 'किवा' नावाची नवी प्रजाती तर मांडावी लागलीच, शिवाय एक नवे कुळही उभे करावे लागले.

पण मला जास्त जवळची वाटते ती आपल्या अरबी समुद्राची हकीकत. १९३३-३४ साली 'मबाहिस' नावाच्या इजिप्तच्या जहाजाने लाल समुद्र, एडनचे आखात आणि अरबी समुद्र पालथा घातला. मोहिमेचे प्रमुख सेवेल हे पूर्वी भारताच्या प्राणी सर्वेक्षण खात्याचे संचालक होते, आणि खलाशी बहुतेक इजिप्तचे. उर्दू शिकलेल्याला 'मबाहिस'चा अर्थ सांगावा लागत नाही. 'बहस' त्याच धातूतून आलेली. शोध घेणे, खोदून विचारणे. तळातून जाळ्यात आलेले जीव स्पिरिटच्या बरण्यांत भरून ठेवले गेले. त्यातल्या या जीवांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले १९६६ साली, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळाने. ते लिहिले कराचीच्या प्राणिशास्त्रज्ञ डॉ. नसीमा तिर्मिझी यांनी. त्यात काही नव्या जातीही आहेत. मबाहिस निघाले तेव्हा आपल्याकडे मुलीने शाळेत जाणे हीच बातमी होती. त्या जहाजाच्या बरण्यांना एका मुस्लिम बाईची नजर मिळायची होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक होते?

हे वर्णन करतात कसे, ते थोडे सांगायला हवे, कारण माझा सगळा धडा तिथेच आहे. जीव हातात आला म्हणून लगेच नाव देता येत नाही. आधी जुनी दप्तरे चाळावी लागतात. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावर काम केलेल्या आल्कॉक यांनी १९०१ साली हिंदी समुद्रातल्या अशा खोल पाण्यातील जीवांची यादी छापली. ती आणि तिच्या आधीची-नंतरची सारी कागदपत्रे पाहून हा जीव खरोखर वेगळा आहे का, ते ठरवायचे. मग कवचाची लांबी मोजायची, पाठीवरचे काटे मोजायचे, डोळा, नांगी, प्रत्येक पायाचा सांधा यांचे चित्र काढायचे. तो कुणासारखा आहे आणि नेमका कशाने निराळा आहे, हे लिहायचे. शेवटी ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो संग्रहालयात जपून ठेवायचा. तो नमुना वर्णन करणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. ती अमानत असते. उद्या कुणालाही बरणी उघडून म्हणता यावे, की तुम्ही आठ मोजले, पण हे दहा आहेत.

हे वाचताना मला माझा एक विद्यार्थी आठवला, आणि पुस्तक बाजूला ठेवावे लागले.

बी.एड. होऊन नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. एक मुलगा मागे बसायचा. विचारले तर उत्तर द्यायचा नाही, किंवा भलतेच द्यायचा. वर्षअखेर प्रगतिपुस्तकात मी लिहिले, 'लक्ष नाही, समज कमी.' चार शब्द. साठ मुलांची पुस्तके एका संध्याकाळी उरकायची होती. त्याच्या वडिलांना वाचता येत नव्हते. त्यांनी शेजाऱ्याकडून ते शब्द वाचून घेतले, आणि घरात त्या पोराचे तेच नाव पडले. दोन वर्षांनी आरोग्य तपासणीत कळले, की त्याला एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही. तोवर पोराने स्वतःही माझे शब्द खरे मानले होते. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. आता तो एका गॅरेजमध्ये काम करतो. रस्त्यात भेटला की हात पुसून "सलाम टीचर" म्हणतो. त्या सलामाला मी आजही नीट जवाब देऊ शकत नाही.

मराठीने एक शहाणपण करून ठेवले आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. मधे फरक एका मात्रेचा. मी नाव ठेवते आहे असे समजून त्या पोराला नावे ठेवली. समुद्राच्या तळच्या जीवाला जी बरणी मिळाली, ती त्याला मिळाली नाही. माझे वर्णन पुन्हा तपासायची सोय मीच ठेवली नव्हती.

इथे कुणी म्हणेल, बरणीतला जीव मेलेला असतो. त्याचे कौतुक कसले? हा आक्षेप मोठा आहे. नाव मिळण्यासाठी एकाला जीव द्यावा लागतो आणि त्या नावाचा त्याला स्वतःला काडीचाही उपयोग नाही. मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. हिंदी महासागराच्या मध्यभागी ७५,००० चौरस किलोमीटर तळावर धातूंचे गोटे शोधण्याचा करार भारताने २००२ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी केला. निकेल, कोबाल्ट, तांबे, मँगनीज यांची जगाला गरज आहे. उद्या तिथे यंत्रे उतरली, तर तळाशी कोण राहत होते याची साक्ष कोण देणार? ज्याचे नाव दप्तरात नाही, तो नाहीसा झाल्याची तक्रारही दाखल होत नाही. कागदाला जीव किती जपावा लागतो, हे आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगायला नको. एकाच्या मरणाने साऱ्या जातीची गवाही उभी राहत असेल, तर तो सौदा निर्दोष नसला तरी निरर्थक नाही. मात्र गरजेपेक्षा एकही जास्त घेऊ नये आणि जो घेतला त्याचे वर्णन उरकू नये. एवढे तर त्याचे देणे लागतोच.

नावाच्या बाबतीत प्राणिशास्त्राचा आणखी एक नियम आहे. नियमाने दिलेले सर्वांत आधीचे नाव टिकते. ते शोभत नाही म्हणून नंतर बदलता येत नाही. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा मला हा नियम आठवला होता. नियम लावायचा तर जुने नाव धाराशिवच; उस्मानाबाद हे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून नंतर आलेले. पण माझ्या आईच्या ओठी उस्मानाबादच येते, आणि तेही खोटे नाही. गावे बरणीत राहत नाहीत. त्यांना हाक मारणारी माणसे असतात, आणि प्रत्येक हाकेत कुणाचे तरी आयुष्य असते. नाव कोणतेही घ्या, घेताना आवाजात तुच्छता नसावी, इतकेच मला म्हणायचे आहे.

हजरत आदमला सर्व वस्तूंची नावे शिकवली गेली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपण त्याचा अर्थ माणसाचा मोठेपणा असा काढतो. मला आता वाटते, त्यात जबाबदारीच जास्त आहे. नावे शिकवली गेली, म्हणजे ती आपल्या मर्जीची नव्हती. आधी शिकायचे, मग बोलायचे.

आता प्रगतिपुस्तकाचे शेरे मी आधी वहीत पेन्सिलीने लिहिते आणि आठ दिवसांनी ती वही पुन्हा उघडते. त्या आठ दिवसांत त्या मुलाजवळ एकदा तरी जाऊन बसते. काही शेरे तसेच राहतात. बरेच खोडावे लागतात.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. "उसको कुछ कमी नई थी, बेटा. वो तो अपनी जगह पूरा था. कमी हमारे देखने में थी."

तिने थोडा विचार केला आणि विचारले, "तो टीचर, उसके पाँव बराबर गिने ना उनो?"

"गिने," मी म्हटले. "दहा."